पित्याच्या मुखातील पाळणा : बांगाई कार्डिनल माशाचे घरगुती प्रजनन

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांना शिंगाळा हा मासा नवा नाही. लांब मिशांचा आणि पंखांच्या मुळाशी तीक्ष्ण काटा बाळगणारा हा मासा जाळ्यातून सोडविताना अनुभवी हातदेखील जपून काम करतात. या माशाच्या जीवनक्रमातील एक गोष्ट मात्र किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. मादीने घातलेली गोटीएवढी मोठी अंडी नर आपल्या तोंडात घेतो आणि त्यांतून पिले निघून ती स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत कित्येक आठवडे तोंडातच वागवितो. एवढ्या काळात तो अन्नाला शिवत नाही. १९८० च्या सुमारास कर्नाटक किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांचा वापर वाढला, तेव्हा तोंडात अंडी असलेले शिंगाळ्याचे नर थव्याथव्याने पकडले गेले. एका नराबरोबर त्याची संपूर्ण पुढची पिढी नष्ट होत असल्यामुळे या मत्स्यव्यवसायाला त्याची झळ पोहोचल्याखेरीज राहिली नाही.

अंडी तोंडात सांभाळण्याच्या या पद्धतीस मुखसंगोपन असे म्हणता येईल. गोड्या पाण्यात हीच पद्धत चिलापी म्हणजे तिलापिया या माशात आढळते. उजनीसारख्या जलाशयांच्या काठी हा मासा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या परिचित जातींत अंडी तोंडात धरण्याचे काम मादी करते. समुद्रातील मुखसंगोपक माशांत मात्र हे काम बहुधा पित्याकडे असते. अशा समुद्री माशांपैकी एका लहानशा जातीचे प्रजनन घरातील काचेच्या पेटीत करता येते, ही गोष्ट गेल्या तीस वर्षांत सिद्ध झाली आहे. हा मासा म्हणजे इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल होय. त्याची माहिती केवळ छंदापुरती उपयोगी नाही. एखादी जात कशी संकटात येते आणि माणसाच्या हातून तिचे रक्षण कितपत होऊ शकते, याचा तो एक बोलका दाखला आहे.

एका द्वीपसमूहाचा रहिवासी

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या पूर्वेस बांगाई नावाचा द्वीपसमूह आहे. स्वीडिश संशोधक वॉल्टर काउडर्न यांनी १९२० साली तेथून या माशाचे नमुने गोळा केले. डच मत्स्यशास्त्रज्ञ कोउमन्स यांनी १९३३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि काउडर्न यांच्या सन्मानार्थ त्यास ‘टेरापोगॉन काउडर्नी’ असे नाव दिले. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे हा मासा विस्मृतीत गेला होता. १९९४ साली मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांनी बांगाई बेटांवर जाऊन त्याची पाहणी केली व १९९५ साली त्याविषयी लिहिले. तेव्हापासून जगभरातील मत्स्यपेट्यांच्या शौकिनांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

हा मासा जेमतेम ८ सेंटिमीटर लांबीचा असतो. रुपेरी अंगावर तीन काळे उभे पट्टे, पंखांवर व शरीरावर पांढरे ठिपके, दुभंगलेली लांब शेपटी आणि उंच पृष्ठपंख यांमुळे तो एकदा पाहिला की विसरत नाही. त्याची चालही संथ असते. तो सहसा ५ मीटरपेक्षा कमी खोलीच्या शांत पाण्यात, लांब काट्यांच्या समुद्री अर्चिनांच्या आसपास राहतो. साळिंदराप्रमाणे काटे उभारलेला हा अर्चिन या माशाचा किल्लाच होय. शत्रू दिसताच संपूर्ण थवा त्या काट्यांच्या जाळीत शिरतो. लहान पिले अर्चिनाबरोबरच समुद्रपुष्पांच्या शुंडकांतही आसरा घेतात.

बांगाई द्वीपसमूह नकाशावर विस्तीर्ण दिसला, तरी माशाला राहण्यास योग्य अशी उथळ जागा तेथे थोडीच आहे. ती सर्व एकत्र केली, तर काही दशक चौरस किलोमीटरच भरेल. जगात अन्यत्र हा मासा मूळचा कोठेही नाही.

इतर माशांहून वेगळेपण

बहुतेक समुद्री मासे हजारो, लाखो सूक्ष्म अंडी घालतात. त्यांतून निघणारे डिंभ प्लवकांबरोबर प्रवाहात वाहत जातात. त्यांतील फारच थोडे जगतात, परंतु जे जगतात ते दूरदूरच्या खडकांवर नवी वस्ती करतात. घरातील पेटीत समुद्री माशांची पैदास करणे अवघड जाते, ते या डिंभावस्थेमुळेच. डिंभाचे तोंड इतके लहान असते की त्यास रोटिफरसारखे सूक्ष्म जिवंत खाद्य द्यावे लागते आणि त्या खाद्याची शेती वेगळी करावी लागते. लोकप्रिय क्लाउनफिशच्या पिलांनाही पहिले आठ-दहा दिवस अशाच खाद्यावर वाढवावे लागते.

कार्डिनल माशांच्या कुलात तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांत अंडी तोंडात धरण्याचे काम नर करतात. तथापि बहुतेक जातींत अंडी फुटताच डिंभ पाण्यात सोडून दिले जातात. बांगाई कार्डिनल मात्र याहून पुढे जातो. त्याची अंडी संख्येने थोडी, सामान्यतः चाळीस ते साठ, परंतु आकाराने मोठी म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर व्यासाची असतात. सुमारे वीस दिवसांनी ती फुटतात. पिले त्यानंतरही आठ-दहा दिवस पित्याच्या तोंडातच राहतात आणि अंड्यातील बलक संपेपर्यंत वाढतात. बाहेर येतात तेव्हा ती आठ मिलिमीटरच्या आसपास असून दिसण्यात आईबापांची छोटी प्रतिकृतीच असतात. प्लवकांबरोबर वाहत जाण्याची अवस्था त्यांच्या जीवनात नाही.

याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, पिलांना पहिल्या दिवसापासून मोठे खाद्य चालते, म्हणून घरी त्यांचे संगोपन शक्य होते. दुसरा असा की, पिले जन्मस्थानापासून दूर जात नाहीत. शेजारशेजारच्या बेटांवरील माशांत आनुवंशिक भेद आढळले आहेत. एखाद्या उपसागरातील थवा पकडून नेला, तर ती जागा शेजारून भरून निघत नाही. प्रजननाची जी पद्धत पाळणाऱ्यास सोयीची, तीच निसर्गात या जातीस दुबळी करते.

पेटीची सिद्धता

एका जोडीसाठी १०० ते १२० लिटर पाण्याची पेटी पुरते. पेटी याहून लहान असू नये. थोड्या पाण्यातील लहानशी चूकही माशांच्या जिवावर बेतते. मुंबईसारख्या शहराजवळचे समुद्राचे पाणी प्रदूषित असते आणि पावसाळ्यात संपूर्ण किनाऱ्यावरच लवणता घटते. म्हणून किनाऱ्यावरून पाणी आणण्यापेक्षा शुद्ध केलेल्या पाण्यात तयार समुद्री मीठ मिसळणे श्रेयस्कर ठरते. स्वयंपाकाचे मीठ या कामी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी अनेक क्षार ठराविक प्रमाणात असतात.

पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२२ ते १.०२५, तापमान २५ ते २८ अंश सेल्सियस आणि पीएच मूल्य ८.१ ते ८.४ असावे. मोजमापासाठी हायड्रोमीटर व तापमापक जवळ ठेवावेत. बाष्पीभवनाने पाणी कमी होते, परंतु क्षार मागे राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. या साध्या नियमाकडे दुर्लक्ष झाल्यास लवणता दिवसेंदिवस वाढत जाते. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपलीकडे तापते. अशा वेळी पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. वीज खंडित होण्याचा संभव असेल, तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असणे अगत्याचे आहे.

पेटी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणारा अमोनिया विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरे जीवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू खडकांवर व गाळणीत वस्ती करून वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागले म्हणजे पेटी तयार झाली असे समजावे. जमणारे नायट्रेट नियमितपणे थोडे थोडे पाणी बदलून कमी ठेवावे लागते. नव्या शौकिनाचे बहुतेक मासे दगावतात ते रोगाने नव्हे, तर या प्रतीक्षेच्या अभावामुळे.

जोडी जमविणे

बाह्य रूपावरून नर व मादी ओळखणे कठीण असते. नराचा जबडा काहीसा रुंद असतो, परंतु हे लक्षण खात्रीचे नाही. त्यामुळे पाच-सहा लहान मासे एकत्र आणून त्यांना मोठे होऊ देणे, ही पद्धत सर्वांत विश्वसनीय ठरली आहे. मासे नऊ-दहा महिन्यांचे झाले की त्यांतील दोघे इतरांपासून अलग होऊन एका कोपऱ्यावर हक्क सांगू लागतात आणि जवळ येणाऱ्यांस हुसकावतात. अशी जोडी जमली की उरलेल्यांना दुसऱ्या पेटीत हलवावे. न हलविल्यास दुबळ्या माशांचे पंख फाटतात आणि ते उपाशी राहून मरतात.

प्रौढ माशांना कोरडे खाद्य सहसा रुचत नाही. स्वच्छ धुऊन बारीक केलेली कोळंबी, जवळा, गोठविलेले समुद्री कवचधारी प्राणी असे मांसल खाद्य दिवसातून दोनदा थोडे थोडे द्यावे. मादीची अंडी या आहारावरच पोसली जातात, म्हणून त्यात विविधता हवी.

पुढाकार बहुधा मादीचा असतो. ती नराच्या शेजारी येऊन अंग थरथरविते. हा क्रम कित्येक तास, क्वचित काही दिवसही चालतो. अखेरीस मादी नारिंगी रंगाच्या अंड्यांचा एक पुंजका बाहेर टाकते आणि नर तो काही क्षणांतच तोंडात घेतो. अंडी सूक्ष्म तंतूंनी परस्परांशी जोडलेली असल्यामुळे पुंजका विखुरत नाही.

उपवासाचे दिवस

यानंतर नराची हनुवटी फुगलेली दिसते, तोंड पूर्ण मिटत नाही आणि तो खाद्याकडे पाठ फिरवितो. मधूनमधून तो तोंड उघडून अंड्यांचा पुंजका फिरवितो. त्यामुळे सर्व अंड्यांना प्राणवायू मिळतो. पहिल्यांदाच पिता झालेला नर पुष्कळदा काही दिवसांत अंडी गिळून टाकतो किंवा थुंकतो. त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस बहुतेक नर हे काम यशस्वीपणे पार पाडतात. या काळात पेटीत हात घालणे, खडकांची मांडणी बदलणे, पेटीवर टकटक करणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

पिले बाहेर आली की त्यांना सर्वांत मोठा धोका आईबापांपासूनच असतो. तोंडातून सुटलेले पिलू मादीच्या दृष्टीस पडले, तर ती त्यास भक्ष्यच समजते. म्हणून वीस दिवस उलटल्यावर नरास वेगळ्या लहान पेटीत हलवितात. त्यासाठी जाळी वापरू नये. भीतीने तो पिले ओकून टाकतो. पाण्यासह भांड्यात घेऊन त्यास अलगद स्थलांतरित करावे. दोन्ही पेट्यांतील पाणी तापमान व लवणता या बाबतींत सारखे असावे. सर्व पिले बाहेर पडली की नरास परत नेऊन भरपूर खाऊ घालावे. जवळजवळ महिनाभराच्या उपवासाने तो कृश झालेला असतो. मादी मात्र पुन्हा अंडी घालण्यास लवकर सिद्ध होते. नराची प्रकृती सुधारेपर्यंत दोघांत जाळीदार पडदा ठेवणे हिताचे असते. लागोपाठ खेपा घेण्याच्या लोभाने चांगले नर गमावल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

पिलांचे संगोपन

निसर्गात पिलांना अर्चिनाचे काटे आसरा देतात. घरी त्याची जागा कृत्रिम अर्चिन घेऊ शकतो. प्लास्टिकच्या चेंडूत काळ्या रंगाचे लांब प्लास्टिक बंध खोचले की काम भागते. पिले तत्काळ त्या काड्यांत गोळा होतात. आसरा मिळाला की त्यांची घाबरगुंडी कमी होते आणि ती खाऊ लागतात.

त्यांचे पहिले खाद्य म्हणजे आर्टेमियाची नुकती बाहेर पडलेली पिले. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी होय. त्याची सुप्त अंडी बाजारात मिळतात. उलट्या टांगलेल्या बाटलीत खारे पाणी, जोमदार हवा व उजेड यांची सोय केली, तर सुमारे २८ अंश तापमानात २४ तासांच्या आसपास ती फुटतात. हवा बंद करताच रिकामी टरफले वर तरंगतात आणि पिले खाली व उजेडाच्या बाजूस जमतात. ती नळीने काढून, गोड्या पाण्यात धुऊन खाऊ घालावीत. शाळेच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग अल्प खर्चात करून दाखविता येईल.

येथे एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. केवळ ताज्या आर्टेमियावर वाढविलेली कार्डिनलची पिले काही आठवड्यांनी अकस्मात मरू लागतात. दिवा लावला, सावली पडली किंवा भांडे हलले की ती गिरकी घेऊन निपचित पडतात. समुद्री माशांना आवश्यक असलेली विशिष्ट मेदाम्ले आर्टेमियात पुरेशी नसतात, हे त्याचे कारण मानले जाते. यावर उपाय सोपा आहे. आर्टेमियाची पिले एक दिवसाची झाली की ती स्वतः खाऊ लागतात. त्यांना मेदाम्लयुक्त द्रावणात बारा तास ठेवले, तर ते पोषण त्यांच्या अंगी येते आणि त्यांच्या वाटे माशांच्या पिलांना मिळते. पेटीवरील दिवा एकदम लावण्याऐवजी आधी खोलीत उजेड करावा, हीही एक उपयुक्त दक्षता होय.

खाद्य दिवसातून तीनदा द्यावे, उरलेले काढून टाकावे आणि रोज थोडे पाणी बदलावे. काही आठवड्यांनी बारीक चिरलेली कोळंबी मिसळून पिलांना मृत खाद्याची सवय लावावी. तीन-चार महिन्यांत ती दुसऱ्या पेटीत जाण्याजोगी होतात. चाळीस पिलांपैकी तीस जगली, तर ते यश उत्तम समजावे.

व्यापार आणि संरक्षण

हे श्रम कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर बांगाई बेटांवर आहे. १९९५ नंतर या माशाला मागणी आली आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत दरवर्षी ६ ते ९ लाख मासे समुद्रातून पकडले जात असल्याचा अभ्यासकांचा अंदाज होता. याच काळात अमेरिकेतील शास्त्रज्ञ अलेहान्द्रो वाजेली यांनी केलेल्या पाहण्यांनुसार निसर्गातील एकूण संख्या सुमारे २४ लाख होती. एका खेपेस जेमतेम चाळीस-पन्नास पिले देणाऱ्या जातीस हा उपसा सोसणारा नव्हता. पकडलेल्या माशांपैकी पुष्कळसे वाहतुकीतच दगावत. त्यातच अर्चिन व समुद्रपुष्पे यांची तोड होऊ लागली आणि पिलांचे आसरेही नाहीसे होऊ लागले.

२००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या माशाची नोंद संकटग्रस्त जातींच्या सूचीत केली. त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आणण्याचे प्रस्ताव २००७ व २०१६ साली मांडले गेले, परंतु ते मागे घेण्यात आले. अमेरिकेने २०१६ साली आपल्या कायद्यानुसार त्यास धोक्यातील जात घोषित केले. इंडोनेशिया शासनाने २०१८ साली मर्यादित संरक्षण देऊन वर्षातील फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने पकडीस बंद केले.

पैदास केलेला मासा बाजारात येऊ लागला, तसा समुद्रातील माशांवरील भार हलका होण्यास मदत झाली. थायलंडमध्ये त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास होऊ लागली. घरी वाढविलेला मासा खाण्यास सरावलेला व दीर्घायुषी असतो. उलट समुद्रातून आणलेल्या माशांत एका घातक इरिडो विषाणूचा प्रादुर्भाव आढळला आहे. तरीही या प्रश्नास दुसरी बाजू आहे. बांगाईतील मच्छीमार कुटुंबांना या माशापासून थोडेफार उत्पन्न मिळत होते. ते थांबले, तर मासा व त्याचा किनारा राखण्यात त्यांचे हित उरत नाही. म्हणून पेटीतील प्रजनन आणि बेटावरील लोकांच्या सहभागाने होणारे रक्षण या गोष्टी बरोबरीने व्हावयास हव्यात. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

वाढविलेले मासे समुद्रात सोडून देणे हा मात्र उपाय नव्हे. उत्तर सुलावेसीतील लेंबे सामुद्रधुनीत व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेल्या बांगाई कार्डिनलांची मोठी वसाहत झाली आणि तेथील स्थानिक माशांशी त्यांची स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे चिलापीने अनेक जलाशयांत काय केले, हे सर्वांसमोर आहे. छंद सोडावयाचा झाल्यास मासे दुसऱ्या शौकिनास द्यावेत. ओढ्यात, खाडीत वा समुद्रात सोडू नयेत.

आपल्याकडील संदर्भ

भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश व डॅमसेल माशांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे. ते पाहता शोभिवंत समुद्री माशांची पैदास ही केवळ परदेशातील गोष्ट राहिलेली नाही. किनाऱ्यावरील गावांतील बचत गटांनी असा उद्योग हाती घ्यावयाचा असेल, तर आधी वीज, पाणी व बाजारपेठ यांची खात्री करावी आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे मार्गदर्शन घ्यावे. एका पेटीत साधलेले यश शंभर पेट्यांत आपोआप साधत नाही.

पेटी सजविण्यासाठी समुद्रातील प्रवाळ तोडून आणणे किंवा विकत घेणे कायद्याने निषिद्ध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ तसेच समुद्रघोडे यांना संरक्षण मिळालेले आहे. मालवणच्या परिसरातील प्रवाळ हे महाराष्ट्राचे मोलाचे धन आहे. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. मासा खरेदी करताना तो पैदास केलेला आहे की पकडलेला, हे विक्रेत्यास विचारण्याची सवयही लावावी. ग्राहक प्रश्न विचारू लागला की व्यापाराला उत्तर द्यावे लागते.

बांगाई बेटावरील इवलासा मासा असो वा कोकणातील शिंगाळा असो, दोघांच्याही जीवनक्रमाचा बोध एकच आहे. ज्या जातीत पिता थोडी पिले घेऊन दीर्घकाळ जपतो, त्या जातीतील एक नर पकडला म्हणजे एक अख्खे कुटुंब पकडले जाते. मासेमारीचे नियम ठरविताना, बंदीचे महिने पाळताना आणि जाळीच्या आसांचा आकार निश्चित करताना हे सत्य विसरून चालणार नाही. घरातील काचेच्या पेटीपुढे बसून एखाद्या विद्यार्थ्याने महिनाभर उपाशी राहणारा पिता पाहिला आणि त्याच्या मुखातून बाहेर पडणारी पिले मोजली, तर ही गोष्ट त्यास पुस्तकातील चार पानांपेक्षा अधिक चांगली उमगेल.